बाईंच्या बिनशंखी

"तुमाले किळस येते काय, मॅडम?"

खोली देण्याआधी घरमालक काय काय विचारतात हे बँकेतल्या चार बदल्यांनी मला पाठ करून टाकलं होतं. लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, मटण शिजवता का. हा प्रश्न मात्र नवीन होता. मी नुकतीच मिरजेहून वर्ध्याला आले होते. नालवाडीतल्या त्या घराच्या पडवीत माझी बॅग अजून माझ्या खांद्यावरच होती आणि समोर साठी ओलांडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या बाई हातात काचेची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. खरं तर येत होती.

"मंग हात घाला."

वाटीतल्या पाण्यात बोटाच्या पेराएवढा एक जीव होता. दुधाळ रंग, पाठीवर लोकरीच्या टोपीला असतात तसे मऊ झुपके, पुढे दोन बारीक शिंगं. मी बोट बुडवलं. तो जीव माझ्या बोटावर चढला आणि पहिल्यांदाच सरकारी कचेरीत आलेल्या माणसासारखा, आता कुठल्या टेबलाकडे जायचं हे न कळून थांबून राहिला.

बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"खोली तुमची," त्या म्हणाल्या. "वरती दोन खिडक्या हायेत. कूलर दक्षिणेकडच्या खिडकीत लावजा. आणि जिना उतरताना धप्पधप्प पाय आपटू नोका, खाली अंडी हायेत."

माझ्या आधी आलेले दोन भाडेकरू वाटीपाशीच गळाले होते, हे मला नंतर कळलं.

त्यांना सगळे 'बाई'च म्हणत. दूधवाला, भाजीवाली, शेजारी, आणि पुढे मीही. सेलूच्या मुलींच्या शाळेत त्यांनी जीवशास्त्र शिकवण्यात उभा जन्म घालवला होता. रोज सकाळी नालवाडीहून एसटीने सेलू आणि संध्याकाळी परत. वर्गात पुस्तकातली मराठी आणि घरी स्वतःची, असा त्यांचा नियम होता. निवृत्त झाल्यावर पुस्तकातली मराठी त्यांनी शाळेच्या किल्ल्यांबरोबरच परत करून टाकली. पण बाकीचा मास्तरपणा घरी आला. सकाळी सात वाजता त्या मागच्या खोलीत जात, तिथल्या चौदा टबांसमोर एक फुलस्केप वही उघडत आणि हजेरी घेत.

"टब पहिला. अकरा. टब दुसरा. नऊ. दहावी कोठी गेली व? दगडामागे लपून बसली. दिसून राह्यली मले तुही शेपूट, बाहेर ये."

त्या गोगलगाई होत्या. समुद्रातल्या, पाठीवर शंख नसलेल्या. बाई त्यांना 'बिनशंखी' म्हणत. भारताच्या नकाशावर मधोमध बोट टेकवलं तर ते जवळजवळ नालवाडीच्या अंगणात पडतं. समुद्र इथून कुठल्याही दिशेला गेलं तरी दूरच. आणि बाईंच्या मागच्या खोलीत तो चौदा प्लॅस्टिकच्या टबांत भरून ठेवलेला होता. नागपूरहून खास मिठाच्या पिशव्या येत, गाळलेल्या पाण्यात ते मीठ मोजून विरघळवलं जाई, आणि क्षार पुरते झाले का हे बघायला बाई एका दुर्बिणीसारख्या नळीतून खिडकीकडे पाहत. शेजारच्या मोहोड काकांनी एकदा सुचवलं, की बाई, एवढा खटाटोप कशाला, किराण्यातलं मीठ टाका. बाईंनी त्यांच्याकडे नापास मुलीकडे बघावं तसं पाहिलं.

"समुद्र म्हणजे अळणी वरण नोहे, मोहोड साहेब, का वरून चिमूटभर मीठ टाकलं आन् झालं."

हे सगळं सुरू कसं झालं ते बाईंनी मला हप्त्याहप्त्याने सांगितलं. बहुतेक वेळा संध्याकाळी, भाकर थापता थापता.

त्यांना एकच मुलगी, अस्मिता. लग्न होऊन नागपुरात होती. जावयाला खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचा शौक होता. त्यांची पुण्याला बदली झाली, तिथे मिळालेली जागा लहान, म्हणून अस्मिताने ती मोठी काचेची टाकी आईकडे आणून ठेवली. दोन महिन्यांसाठी. दोन महिने म्हणजे किती हे सांगायचं राहून गेलं. पहिल्या उन्हाळ्यात मासे गेले. प्रवाळाचे दगड तेवढे राहिले, आणि त्या दगडांवर एक तपकिरी, बारीक दांड्याचं समुद्रफूल उगवलं. बाईंना आधी ते आवडलं. काहीतरी जिवंत आहे म्हणून. महिन्याभरात त्याची शंभर झाली. काचेवर, पाण्याच्या नळीत, दगडाच्या खाचेत, सगळीकडे. शिवलं की डंख मारायची.

बाईंनी युद्ध पुकारलं. त्या ब्लेडने समुद्रफूल कापत, तर प्रत्येक तुकड्याचं नवं फूल होई. म्हणून त्यांनी त्याचं नाव रक्तबीज ठेवलं. मग इंजेक्शनच्या सुईने त्यात लिंबाचा रस घालून झाला, उकळतं पाणी घालून झालं. पानठेल्यावरून खायचा चुना आणून झाला. पानवाला चकित झाला होता, कारण बाईंनी शाळेतल्या मुलींना तंबाखूविरुद्ध शपथा दिलेल्या, आणि आता त्या स्वतः रोज चुन्याची पुडी नेत होत्या.

"मंग कायले शरमाचं? म्या म्हटलं त्याले, आता सवय लागली बाप्पा, सुटत नाई."

बाई खोटं फार मन लावून बोलत. त्यांना त्यात निर्मळ आनंद होता.

शेवटी त्यांनी पुस्तकं काढली, कुणाकुणाला पत्रं लिहिली, आणि त्यांना समजलं की ह्या रक्तबीजाला खाणारी एक गोगलगाय असते. ती दुसरं काहीच खात नाही. चेन्नईच्या एका माणसाकडून थर्मोकोलच्या पेटीत सहा गोगलगाई आल्या. त्या सहांनी, आणि त्यांच्या पोरांनी, टाकीतली सगळी समुद्रफुलं तीन महिन्यांत फस्त केली. टाकी आरशासारखी झाली. बाईंनी त्या दिवशी शिरा केला.

आणि दुसऱ्याच आठवड्यात गोगलगाई बारीक होऊ लागल्या. खायला काही उरलंच नव्हतं.

"आता पाहा," बाई तव्यावरची भाकर उलटत म्हणाल्या, "मी टाकीसमोर बसलो आन् रडाले आलं मले. शत्रू संपला तर आपलेच शिपाई मरून राह्यले. मंग काय करतो? नळीच्या आतमंदी एक रक्तबीज वाचला होता. एकच. त्याले म्या हात जोडले."

ज्याला मारायला सहा महिने घालवले, त्याला त्यांनी वेगळ्या टबात ठेवलं, ब्लेडने त्याचे तुकडे केले, त्या तुकड्यांना कोळंबीची बारीक पिल्लं भरवली, आणि रक्तबीजाची शेती सुरू केली. सात टबांत समुद्रफुलं, सात टबांत ती खाणाऱ्या गोगलगाई. देशात जिथे जिथे हौशी लोकांच्या टाक्यांत हा तपकिरी उपद्रव माजे, तिथून बाईंना फोन येऊ लागले. त्या पलीकडच्या माणसाला आधी पंधरा मिनिटं जीवशास्त्र शिकवत, उलटे प्रश्न विचारत, आणि उत्तरं बरोबर आली तरच गोगलगाई पाठवत. हैदराबादच्या एका माणसाला त्यांनी तीनदा नापास केलं होतं.

गोगलगाई अंडी घालत ती पांढऱ्या दोऱ्याचं वेटोळं करून, अगदी ओल्या कुरडईसारखी. आणि त्यांच्यात नर-मादी असा भेद नसतो. प्रत्येक जण आई आणि प्रत्येक जण बाप. बाईंना ही गोष्ट फारच पटलेली होती. बायका हळदीकुंकवाला आल्या की त्या वाण देताना हे ज्ञानही देत. "सगळ्याच बाळंत होतेत. कोणी कोणाले टोमणा माराचा प्रश्नच नाई."

मोहोड काकांची गंमत अशी, की ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि पाणी कुठे दिसलं की त्याचा हिशेब त्यांना हवाच असे. बाईंच्या मागच्या खोलीत एवढे ड्रम कशाला, रात्रंदिवस बुडबुडे कसले, आंबूस वास कसला, हे ते कुंपणावरून रोज विचारत. बाईंनी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. एकदा म्हणाल्या, गुडघ्याचं औषध. एकदा म्हणाल्या, पापडखार. आणि एका दुपारी, अगदी गंभीर चेहऱ्याने, आवाज खाली आणून म्हणाल्या, "माल मुरून राह्यला, मोहोड साहेब. तयार व्हाले पंधरा दिवस लागते. मंग नागपूरले जाते. कोणाले सांगू नोका."

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. हे वाक्य इथे कुणाला म्हणावं, आणि कुणाला म्हणू नये, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी, रविवार होता म्हणून मी घरीच होते, दोन पोलीस आले. एक पोक्त हवालदार आणि त्यांच्याबरोबर एक तरुण महिला शिपाई. कुंपणापलीकडे मोहोड काका मोगऱ्याला पाणी घालत होते. त्या मोगऱ्याला तेवढं पाणी त्या वर्षात कधी मिळालं नसेल.

"तक्रार आहे," हवालदार म्हणाले. "आत पाहावं लागेल."

"पाहा ना," बाई म्हणाल्या. एक शब्द जास्त नाही. मी सांगायला पुढे झाले तर त्यांनी माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की मी गप्प झाले.

मागच्या खोलीचं दार उघडलं. चौदा टब. कोपऱ्यात निळे ड्रम. खुंटीला उलटी टांगलेली पाण्याची बाटली, तिच्यात नारिंगी पाणी खदखदतंय आणि तिच्यातून नळी खाली उतरलेली. ती कोळंबीची अंडी उबवायची बाटली होती, पण मलाच त्या क्षणी ती हातभट्टी वाटली. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंच्या चष्म्याच्या दोरीकडे पाहिलं, आणि खेदाने मान हलवली.

"या वयात, आजी?"

"चाखून पाहा," बाई म्हणाल्या. "पहिल्या धारेचं हाये."

हवालदारांनी ड्रममध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. त्यांचा चेहरा आक्रसला. त्यांनी खात्री करायला पुन्हा एकदा लावलं. एवढ्यात महिला शिपाई टबात वाकून बघत होती, ती एकदम सरळ उभी राहिली आणि तिने टोपी काढली.

"बाई? तुम्ही सेलूच्या बाई ना?"

"आन् तू तिसऱ्या बाकावरची वनिता," बाई म्हणाल्या. "डबा तासालेच उघडत होती. सांग, पाठीचा कणा नसलेल्या प्राण्याले काय म्हणते?"

"अपृष्ठवंशीय, बाई." ती सावधान उभी होती.

"शंखवाल्या गोगलगाईचा गट कोणता?"

वनिता हवालदारांकडे बघू लागली. हवालदार ड्रमकडे बघू लागले. "मृदुकाय," ती शेवटी म्हणाली, आणि बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं की एवढ्या एका उत्तरासाठी त्या रोज एसटीत बसल्या असतील.

नंतर पुढचा पाऊण तास शिकवणी झाली. हवालदारांनी पोहे खाल्ले, गोगलगाय बोटावर घेतली आणि वहीत लिहिलं, की आक्षेपार्ह काही आढळलं नाही, पाणी खारट आहे. निघताना बाई त्यांना कुंपणापर्यंत सोडायला गेल्या आणि मोहोड काकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "पुढचा माल तयार झाला का कळवतो, साहेब."

मोहोड काका पुढे महिनाभर आमच्या बाजूला फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले, आणि गुडघ्याचं औषध थोडं मिळेल का म्हणून विचारून गेले.

पण हे सगळं हसण्यावारी जायचे दिवस हिवाळ्याचे होते. वर्ध्याचा मे महिना कुणाची थट्टा सहन करत नाही.

त्या वर्षी मेच्या मध्यात नालवाडीचा ट्रान्सफॉर्मर सकाळी नऊ वाजता मोठा आवाज करून जळाला. नवा यायला दोन दिवस लागतील असं कळलं. मी बँकेत निघून गेले. बाई टबांभोवती ओली पोती गुंडाळत होत्या, बर्फाच्या बाटल्या तरंगवत होत्या, आणि दर दहा मिनिटांनी थर्मामीटर बघत होत्या. गोगलगाईंना सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर सोसत नाही. खोलीत तेव्हाच छत्तीस होतं.

दुपारी साडेबारा वाजता बँकेच्या दारात ऑटो थांबला. बाई उतरल्या. डोक्यावर ओला पंचा, आणि ओल्या टॉवेलात गुंडाळलेले तीन स्टीलचे डबे. आमच्या गार्डाने विचारलं तर म्हणाल्या, मॅनेजर साहेबांचं जेवण. रांग सोडून त्या थेट माझ्या खिडकीशी आल्या.

"मले लॉकर पायजे."

"बाई, लॉकरची खोली थंड नसते."

"मंग थंड काय हाये तुमच्या बँकेत?"

मी उत्तर द्यायला नको होतं. पण त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, पदर भिजला होता, आणि त्या नेहमीसारख्या हसत नव्हत्या. त्या डब्यांत त्यांनी निवडून निवडून आणलेल्या गोगलगाई होत्या, अंडी होती, आणि त्यांच्या पोटासाठी चार रक्तबीज.

"सर्व्हरची खोली," मी म्हणाले. "पण ते नियमात बसत नाही."

"नियमात बसते, मॅडम. गोगलगाय कोठीबी बसते. हालतबी नाई."

मी ते डबे सर्व्हरच्या खोलीत, एसीच्या झोतात, जमिनीवर कोपऱ्यात ठेवले. अख्ख्या बँकेच्या नाही, पण निदान आमच्या शाखेच्या सगळ्या कारभारापासून तीन फुटांवर मी खारं पाणी ठेवलं होतं. बाई घरी गेल्या नाहीत. त्या ग्राहकांच्या सोफ्यावर पासबुक उघडून बसल्या, जणू तीन वर्षांच्या नोंदी तपासतायत.

आमचे मॅनेजर शिस्तीचे होते. उन्हाळ्यात कर्मचारी आपले जेवणाचे डबे सर्व्हरच्या खोलीत गार ठेवतात असा त्यांना संशय होता, आणि त्यांनी तशी सूचनाही लावलेली होती. तीनच्या सुमाराला ते त्या खोलीत गेले. डबे दिसले. डबा कुणाचा हे ओळखायची त्यांची एक रीत होती. ते झाकण उघडून भाजी बघत.

आतून आवाज आला. ओरडणं म्हणता येणार नाही, पण बँकेत तसा आवाज कुणी काढत नाही.

"ही कोणाची भाजी आहे?" ते दारात उभे राहिले, डबा हातभर लांब धरून. "ही... ही हलतेय!"

सगळे काउंटर थांबले. मी उठले. बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी बाई तिथे पोचल्या होत्या.

"झाकण लावा आधी," त्या म्हणाल्या. "उजेड सोसत नाई त्यायले."

"आजी, हे काय आहे?"

बाईंनी सांगितलं. खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत. पोलिसांना सुद्धा खेळवणाऱ्या बाई त्या दिवशी सरळ बोलत होत्या, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "घरी लाईट नाई, साहेब. बाकीच्या मरतीन आज. ह्या वाचल्या तर पुन्हा होतीन."

मॅनेजर डब्यात बघत राहिले. "खातात काय?"

"एकच वस्तू. दुसरं काईबी पुढे ठेवा, उपाशी मरतीन पण तोंड लावणार नाईत."

मॅनेजरांनी हातभर लांब धरलेला डबा जवळ घेतला. मग म्हणाले, "माझी आई अशीच आहे. अकोल्याहून आणलं तिला इथे. स्वतःच्या हातच्या भाकरीशिवाय काही खात नाही, आणि आता हात चालत नाहीत." त्यांनी झाकण लावलं, तिन्ही डबे उचलले आणि स्वतःच्या केबिनमध्ये नेऊन एसीखाली मांडले. दोन दिवस डबे तिथेच राहिले. मला मात्र संध्याकाळी लेखी मेमो मिळाला. सर्व्हर रूममध्ये खाद्यपदार्थ का ठेवले याचा खुलासा करा. मी खुलासा केला, की ते खाद्यपदार्थ नव्हते. तो कागद अजून माझ्या फायलीत असेल.

घरच्या टबांतलं काही वाचलं नाही. वीज आल्यावर बाईंनी नेहमीप्रमाणे वही उघडली. टब पहिला. टब दुसरा. प्रत्येक नोंदीपुढे त्यांनी 'गैरहजर' लिहिलं, आणि चौदाव्या टबाशी वही मिटली. मी चहा आणून ठेवला. तो त्यांनी घेतला नाही. मग केबिनमधून परत आणलेले डबे उघडले तेव्हा आत सतरा होत्या, आणि एका डब्याच्या कडेला नवी कुरडई घातलेली होती.

"बँकेत व्याज भेटलं," बाई म्हणाल्या. तेव्हा कुठे त्यांनी चहा उचलला.

अस्मिता दर रविवारी सकाळी फोन करायची. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ऊन आहे का. चार मिनिटांत फोन बंद होई. बाई फोन ठेवून मला सांगत, "काम असते तिले." दुसरं काही नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एका रविवारी फोन जास्त लांबला. लेक-जावयांनी पुण्यात मोठं घर घेतलं होतं. टाकी न्यायला येतोय, अस्मिता म्हणाली, आणि आई, तूही चल आता, तिथे एकटी काय करतेस. बाई म्हणाल्या, टाकी ने. माझं नंतर बघू.

टाकी न्यायच्या आदल्या दिवशी मी मागच्या खोलीत डोकावले. बाईंनी सगळे दगड ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून पेटीत भरायला काढले होते. एकेक दगड भिंगाखाली तपासला होता. इतके स्वच्छ दगड मी कधी पाहिले नव्हते. आणि मग मी बघत असतानाच त्यांनी टबातल्या एका रक्तबीजाचा ब्लेडने बारीकसा तुकडा काढला, एका दगडाच्या खोल खाचेत नीट बसवला, आणि तो दगड पेटीच्या तळाशी ठेवला.

"बाई!"

"काऊन?"

"अहो, पुण्यात जाऊन त्याची शंभर होतील."

"होतीन ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वर्तमानपत्राची घडी सारखी केली. "मी मास्तरीण हाये. पोरीले गृहपाठ दिल्याबिगर सोडत नाई मी."

फेब्रुवारीत एका बुधवारी, रविवार नसताना, फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि मला हाताने बसायला खुणावलं.

"आई, दगडावर तपकिरी झाडासारखं काहीतरी उगवलंय. पाच-सहा झालेत."

"अगं बाई," बाई म्हणाल्या, इतक्या काळजीने की मीच क्षणभर फसले. "कापू नोको हो. हात लावू नोको. रोज मले फोटो पाठव."

तो फोन चाळीस मिनिटं चालला. मग रोजच चालू लागला. गोगलगाई हव्यात हे ठरलं, तर बाई म्हणाल्या, कुरियरनं मरतेत त्या, घ्यायले ये. त्या दोन वर्षं देशभर कुरियरनेच गोगलगाई पाठवत होत्या, हे मी तोंडावर येऊ दिलं नाही.

अस्मिता होळीला आली, चार दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी बाई बाजारात सांबार आणायला गेल्या. वर्ध्यात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला इथे यायच्या आधी ठाऊक नव्हतं. अस्मिता वर माझ्या खोलीत आली. खिडकीशी उभी राहून ती थोडा वेळ कूलरशी चाळा करत राहिली.

"तुम्ही तेव्हा इथेच होता ना, टाकी नेली तेव्हा?"

"हो."

"पेटी उघडली त्याच दिवशी मला तो दगड दिसला," ती म्हणाली. "खाचेत नीट बसवलेला तुकडा. ब्लेडने सरळ कापलेला. आईच्या हातचं काम मी ओळखत नाही का? चिमूटभर चुना लावला असता तर तेव्हाच संपलं असतं."

"मग?"

"मग काय. आई दर रविवारी चार मिनिटांत फोन ठेवायची. मला वाटायचं, गोगलगाईंपुढे मला वेळच नाही तिला." ती हसली. "आईला सांगू नका."

मी सांगितलं नाही. खाली फाटक वाजलं आणि बाईंनी जिन्यातून हाक मारली, की दोघी वर काय कारस्थान करून राह्यल्या, खाली या, पिशवी जड हाये.

त्या जूनमध्ये माझी बदली झाली. बाईंनी निरोपाला मला काचेची ती वाटी दिली, रिकामी. अजूनही त्यांचा फोन येतो, आणि अस्मिताचाही येतो, वेगवेगळा. पुण्याच्या टाकीत आतापर्यंत बाईंच्या तीन पिढ्यांच्या गोगलगाई गेल्या आहेत, आणि दर वेळी अस्मिता त्या घ्यायला स्वतः येते. तरीही रक्तबीज काही केल्या आटोक्यात येत नाही, असं दोघीही मला सांगतात, आणि सांगताना दोघींपैकी एकीच्याही आवाजात काळजीचा लवलेश नसतो.